एकत्र ऐकण्याची संवय

नवविधा भक्तींत श्रवणाला पहिलें स्थान दिलेलें आहे, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. भक्तीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी हा अनुक्रम व्यवहाराच्या दृष्टीनेंहि यथार्थच आहे. मूल बोलूं लागण्यापूर्वीं कित्येक महिने ऐकत असतें. गायकाचा शिष्य स्वतः स्वर लावण्यापूर्वीं गुरूचा तंबोरा ऐकतो. आणि ज्याला पुढें वाचनाची गोडी लागावयाची, त्याच्या कानांवर बहुधा आधीं कोणाच्या तरी तोंडची गोष्ट पडलेली असते. असें असूनहि ऐकणें ही शिकण्याची विद्या आहे, असें आपण सहसा मानीत नाहीं. लिहावयास, वाचावयास, पोहावयास शिकवावें लागतें हें आपण जाणतों. ऐकणें मात्र कानांबरोबरच जन्मास येतें, अशी आपली समजूत असते. या समजुतीचा थोडा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे, आणि त्यासाठीं दोन साध्या सार्वजनिक उपक्रमांकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. एक, गांवाची किंवा पेठेची गाण्याची खुली बैठक. आणि दुसरा, ग्रंथालयांतील मुलांचा गोष्टींचा तास.

वरवर पाहतां हे दोन उपक्रम एकमेकांपासून दूरचे वाटतील. एक थोरांचा, तर दुसरा लहानांचा. एकांत स्वरांचें राज्य, तर दुसऱ्यांत शब्दांचें. परंतु आपल्याकडे हे दोन्ही प्रवाह पुष्कळ काळ एकाच पात्रांतून वाहत होते, आणि तें पात्र म्हणजे कीर्तन. नारदीय कीर्तनाची रचना आठवून पाहावी. पूर्वरंगांत एखादें पद किंवा अभंग घेऊन बुवा त्याचें निरूपण करतात. मध्यें नामाचा गजर होतो. आणि उत्तररंगांत त्याच विषयाला धरून एखादें आख्यान लावतात. कथा रंगांत आली कीं मध्येंच साकी येते, दिंडी येते, आर्या येते. गाणें थांबलें कीं कथेचा धागा पुन्हां हातीं घेतला जातो. समोर बसलेल्यांत आजी असे, सून असे, दुकान बंद करून आलेला वाणी असे आणि पुढें अगदीं बुवांच्या पायांशीं मुलें असत. त्यांतलीं निम्मीं मुलें आख्यान संपण्यापूर्वींच झोंपीं जात. पण अर्धी कथा आणि दोनचार चाली तीं घरीं घेऊन जात. ‘आतां लक्ष देऊन ऐक’ असें त्यांना कोणी सांगत नसे. आजी कशी ऐकते, कोठें मान डोलावते, कोठें डोळ्यांना पदर लावते, हें पाहत पाहत मूल ऐकावयास शिके.

या जुन्या व्यवस्थेचें कौतुक करतांना तिच्या उणिवेकडे मात्र डोळेझांक करतां येणार नाहीं. कीर्तन जर देवळांत, तर देवळाचें दार ज्यांना बंद त्यांना तें श्रवणहि बंद, किंवा फार झालें तर दूर अंगणांतून. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींना 1947 सालच्या मे महिन्यांत प्राणांतिक उपोषण करावें लागलें. ज्या संतांच्या अभंगांवर पिढ्यान् पिढ्या निरूपणें झालीं, त्यांच्याच दैवतासमोर सर्वांना उभें राहतां यावें यासाठीं हें करावें लागलें. म्हणून एकत्र ऐकण्याच्या गोष्टीचा विचार करतांना ‘काय ऐकावयाचें’ या प्रश्नाइतकाच ‘कोणाला आंत घ्यावयाचें’ हा प्रश्नहि महत्त्वाचा ठरतो. सार्वजनिक बैठक आणि सार्वजनिक ग्रंथालय यांचें खरें महत्त्व याच ठिकाणीं आहे.

गाण्याचेंच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तम गायन ऐकावयाचें तर संस्थानिकाचा दरबार किंवा धनिकाचा दिवाणखाना हींच ठिकाणें होतीं, आणि त्या दोहोंचीं दारें निमंत्रणावांचून उघडत नसत. ही स्थिति हळूहळू पालटली. मुंबईस 1870 सालीं पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली. पुण्यास 1874 सालीं गायन समाज स्थापन झाला. 1880 सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणलें, आणि पुढील कित्येक वर्षें नाटकाचें तिकीट हेंच मध्यम वर्गाचें रागदारीच्या दारांतून आंत जाण्याचें साधन झालें. शेवटच्या दशकांत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि त्याच्या मांडवांत मेळे, पोवाडे व गाणीं यांना रस्त्यावरचा श्रोता लाभला.

याच वेळीं एका गायकानें या प्रश्नाला निराळ्याच बाजूनें हात घातला. कुरुंदवाडास 1872 सालीं जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टि लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें अधू झाली, आणि म्हणून त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणें शिकावयास ठेवण्यांत आलें. गुरुगृह सोडल्यावर भ्रमण करीत असतांना त्यांनीं थोडक्या दराचें तिकीट लावून जाहीर जलसे केले. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण तिचा अर्थ असा होता, कीं गायकानें कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहावयाचें नाहीं, आणि श्रोत्यानें कोणाच्या ओळखीवर. 1901 सालीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय काढलें तें राजाश्रयावर नव्हे, तर लोकाश्रयाच्या बळावर. मुंबईची शाखा 1908 सालीं निघाली. त्यांच्या विद्यालयांतून मोठे गवई किती निघाले हा वेगळा प्रश्न आहे. पण गाणें समजून ऐकणारा सुशिक्षित वर्ग त्यांतून मोठ्या प्रमाणावर निघाला, यांत शंका नाहीं.

मिरजेचेंच दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. किराणा घराण्याचे अध्वर्यु खांसाहेब अब्दुल करीम खां यांचें 1937 सालीं निधन झालें व मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांना विश्रांति मिळाली. तेथील उरुसांत त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. तिला तिकीट नाहीं, राखीव आसन नाहीं. तंतुवाद्यें घडविणारे कारागीर, शाळामास्तर, शेतकरी, हिंदु आणि मुसलमान एकाच जमिनीवर बसून ऐकतात. नामवंत कलावंत तेथें गावयास मिळावें यांत धन्यता मानतात. पुण्यास पंडित भीमसेन जोशी यांनीं आपले गुरु सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ 1953 सालीं सुरू केलेला महोत्सव पुढें हजारों श्रोत्यांचा झाला. परंतु त्या हजारोंना शांतपणें तासन् तास बसण्याची जी संवय लागली, तिची पाळेंमुळें मिरजेसारख्या ठिकाणींच शोधावीं लागतील.

आतां ग्रंथालयाकडे वळूं. पुण्याचें नगर वाचन मंदिर 1848 सालचें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचें आणि मुंबईचें 1898 सालचें. या संस्थांनीं मराठी ग्रंथांचें जतन करून मोठें ऋण करून ठेवलें आहे. परंतु त्या काळीं ग्रंथालय म्हणजे प्रौढांची जागा, असाच सर्वत्र समज होता. मुलांच्या हातीं पुस्तक म्हणजे मळलेलें व फाटलेलें पुस्तक, असेंच बहुतेकांना वाटे. हा समज मोडण्याचें मोठें कार्य बडोद्यांत झालें. श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं प्राथमिक शिक्षण प्रथम अमरेली भागांत आणि नंतर 1906 सालीं सर्व राज्यांत सक्तीचें केलें. पण शाळेंत अक्षर शिकलेलें मूल शाळा सुटल्यावर वाचील काय, हा प्रश्न उरलाच. त्याचें उत्तर म्हणून अमेरिकेंतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस 1910 सालीं बोलावण्यांत आलें. ज्या देशांतून ते आले तेथें ग्रंथालयांत मुलांसाठीं वेगळी खोली ठेवण्याची व तेथें त्यांना गोष्टी सांगण्याची पद्धत नुकतीच रूढ होऊं लागली होती. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयांतहि स्त्रियांसाठीं आणि मुलांसाठीं स्वतंत्र विभाग झाले. मुलांच्या विभागांत चित्रांच्या पुस्तकांबरोबर खेळहि ठेवले गेले. खेड्यांकडे लाकडी पेट्यांतून पुस्तकें फिरूं लागलीं.

तथापि मुलाला गोष्ट कशी सांगावी, याचा शास्त्र म्हणून विचार ग्रंथालयांपेक्षां बालशिक्षकांनींच अधिक केला. भावनगरच्या दक्षिणामूर्तीचे गिजुभाई बधेका यांनीं ‘वार्तानुं शास्त्र’ नांवाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं तो दृष्टिकोन मराठी मुलांपर्यंत आणला. 1926 सालीं या उभयतांनीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला, 1936 सालीं दादरास शिशुविहार निघालें आणि 1945 सालीं बोर्डी येथें ताराबाईंनीं ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. गोष्ट ही उपदेशाची गोळी गिळविण्यासाठीं वर लावलेली साखर नव्हे. ती स्वतःच मुलाचें अन्न आहे, हा या मंडळींच्या कार्याचा गाभा होता. मराठींतील सर्वांत प्रिय झालेलें असें एक पुस्तक, साने गुरुजींचें ‘श्यामची आई’, हेंहि रचनेनें सांगितलेली गोष्टच आहे. त्याच्या प्रकरणांना गुरुजींनीं ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीं नांवें दिलीं, कारण तीं मित्रमंडळींना रात्रीं सांगितलेल्या कथांच्या रूपानें रचलेलीं आहेत.

येथवर इतिहास झाला. आतां मूळ प्रश्न असा, कीं या दोन्ही ठिकाणीं ऐकणारा नेमकें काय शिकतो?

याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर ‘वाट पाहणें’ असें देतां येईल. तबल्यावरचा त्रिताल घ्या. त्याच्या मात्रा सोळा, विभाग चार. पहिल्या, पांचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी; नवव्या मात्रेवर हात मोकळा सोडावयाचा, ती खाली. पहिली मात्रा म्हणजे सम. गायक आलाप-तानांच्या वाटेनें कितीहि दूर गेला तरी समेवर येणार, हें श्रोत्याला ठाऊक असतें. पण कसा येणार हें ठाऊक नसतें. तो येईपर्यंत सारी सभा श्वास रोखून बसते, आणि सम गांठतांच शेंकडों माना एकदम हलतात. आतां म्हातारी आणि भोपळा ही गोष्ट घ्या. वाटेंत एकामागून एक श्वापद भेटतें, प्रत्येक वेळीं म्हातारी तेंच उत्तर देते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस मुलें तें उत्तर सांगणाऱ्याच्या आधींच म्हणूं लागतात. चिमणी-कावळ्याच्या गोष्टींत दाराबाहेर भिजणारा कावळा पुन्हां पुन्हां हांक मारतो, आणि आंतून चिमणीचें नवें निमित्त केव्हां येतें याकडे साऱ्या मुलांचे कान लागलेले असतात. ही त्या गोष्टीची समच आहे. परत येणारी गोष्ट ओळखणें, तिची वाट पाहणें आणि ती आल्याचा आनंद शेजाऱ्याबरोबर घेणें, ही क्रिया दोन्ही ठिकाणीं एकच.

आणि ही क्रिया एकट्यानें पुरती साधत नाहीं. आज घरोघरीं गाणीं व गोष्टी यांचा तुटवडा मुळींच नाहीं. खिशांतल्या फोनवर जुन्या गवयांचें दुर्मिळ गायन क्षणांत ऐकतां येतें; पूर्वीं संस्थानिकालाहि जें सहज मिळालें नसतें तें आज विद्यार्थ्याला मिळतें, आणि हा लाभ लहान नाहीं. परंतु त्या यंत्राला एक सोय आहे, ती म्हणजे नको असेल तें पुढें ढकलण्याची. विलंबित ख्याल लांबला, ढकला पुढें. गोष्ट संथ वाटली, लावा दुसरी. एकाच घरांत चौघे जण कानांत चार निरनिराळे आवाज घालून बसलेले असतात. अशा मुलाच्या कानांवर पुष्कळ पडतें, पण त्याला ऐकतांना कोणी दिसत नाहीं. आजीची मान कोठें डोलली हें त्याला कळावें कसें? मोठ्यांचें लक्ष पाहूनच मूल लक्ष द्यावयास शिकतें. ती शाळा अशा घरांत बंद पडते. पुढें वर्गांत, सभेंत, किंबहुना घरच्या साध्या संभाषणांतहि समोरच्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घेणें ज्यांना जड जातें, त्यांच्या अडचणीचें एक मूळ येथें असतें.

यावर उपाय मोठा नाहीं व फार खर्चाचाहि नाहीं. महाराष्ट्रांत 1967 च्या कायद्यानें सार्वजनिक ग्रंथालयांस मान्यता व वर्गवारीप्रमाणें अनुदान मिळण्याची व्यवस्था झालेली आहे, आणि पुष्कळ गांवांत व पेठांत ग्रंथालयाची खोली आहे. तेथें आठवड्यांतून एक दिवस, एक ठरलेली वेळ गोष्टींसाठीं राखून ठेवावी. वेळ बदलूं नये. मूल वेळेवर विश्वास ठेवतें. चार ते सात वर्षांच्या मुलांना अर्धा तास पुरे. आठ ते बारांच्या मुलांची बैठक निराळी व थोडी दीर्घ असावी. एका वेळीं वीस-पंचवीसांहून अधिक मुलें नसावींत, आणि तीं अर्धवर्तुळांत बसावींत, म्हणजे प्रत्येकाला सांगणाऱ्याचे डोळे दिसतात.

गोष्ट सांगणें आणि गोष्ट वाचून दाखविणें यांतला फरकहि ध्यानांत ठेवावा. सांगतांना दृष्टि मुलांवर असते. तीं कंटाळलीं तर वेग वाढवितां येतो, घाबरलीं तर वाघाला थोडा दूर नेतां येतो. वाचून दाखवितांना लेखकाची भाषा जशीच्या तशी कानांवर पडते, आणि हा आवाज या काळ्या अक्षरांतून निघतो हें मुलाला उमजतें. म्हणून दोन्ही करावें. सांगणाऱ्यानें गोष्ट शब्दशः पाठ करूं नये, पण तिचा क्रम मात्र पक्का ठेवावा. शेवटीं तात्पर्य विचारूं नये; परीक्षा घेतली जाणार असें दिसलें कीं मूल ऐकण्याऐवजीं उत्तर शोधूं लागतें. त्याऐवजीं ज्या पुस्तकांतून गोष्ट घेतली तें समोरच्या टेबलावर उघडें ठेवावें आणि बाजूला व्हावें. मूल आपण होऊन त्याकडे गेलें कीं ग्रंथपालाचें काम सफल झालें.

गाण्याच्या बैठकीसहि असेच थोडे नियम पुरतात. ती दोन तासांहून लांबवूं नये आणि ठरल्या वेळीं, श्रोते चारच आले असले तरी, सुरू करावी. आरंभीं दहा मिनिटें कोणी जाणत्यानें आज कोणता राग, कोणता ताल, सम कोठें, एवढेंच सांगावें. विद्वत्तेचें प्रदर्शन नको. ध्वनिवर्धक हवाच असेल तर हलका ठेवावा, कारण कान दिपविणारा आवाज ऐकण्याचें कष्ट वांचवितो आणि त्याबरोबर ऐकणेंहि. लहान मुलांना मागें दारापाशीं नव्हे, तर पुढें बसवावें. त्यांना हातावर ताल धरूं द्यावा, आणि अर्ध्यावर तीं उठून गेलीं तर रागावूं नये. प्रथम पेठेंतल्याच विद्यार्थ्यांना, भजनी मंडळाला संधि द्यावी, मग कलावंतानें गावें. प्रवेश विनामूल्य असावा, पण कलावंताची बिदागी बुडवूं नये. खुली सभा म्हणजे फुकट राबविलेला गवई नव्हे. त्यासाठीं घरागणिक थोडी वर्गणी काढावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे निमंत्रण. आपल्याच ओळखींतल्या चार कुटुंबांना बोलावून ‘सार्वजनिक’ हा शब्द सार्थ होत नाहीं. जवळच्या वस्तींतल्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या, रखवालदाराच्या मुलांना नांव घेऊन बोलवावें. फलक वाचून तीं येणार नाहींत; दार आपल्यासाठीं आहे यावर त्यांचा विश्वास बसावयास कोणीतरी हात धरून आणावें लागतें.

वर्षांतून तीनचार वेळां दोन्ही उपक्रम एकत्र आणतां आले तर फारच उत्तम. ग्रंथालयाच्याच खोलींत प्रथम गोष्ट व्हावी, आणि मग त्याच गोष्टीच्या भावाला धरून गाणें. पावसाची गोष्ट असेल तर मल्हार. पहांटेची असेल तर सकाळच्या बैठकींत भैरव. हें कांहीं नवें नव्हे. पूर्वरंग आणि उत्तररंग यांचा जो मेळ कीर्तनानें बसविला होता तोच येथें निराळ्या छपराखालीं बसतो. भेद एवढाच, कीं या छपराखालीं यावयास कोणालाहि आडकाठी नाहीं.

सुशिक्षित कुटुंबांनीं या कामीं द्यावयाची गोष्ट पैशापेक्षां वेळाची आहे. ज्यांच्या घरीं पुस्तकें भरपूर आहेत व गाणें ऐकण्याचीं साधनेंहि आहेत, त्यांना आपल्या मुलासाठीं ग्रंथालयाची गरज वाटत नाहीं, आणि मग ग्रंथालयाच्या बालविभागाचें दार कोणी येत नाहीं म्हणून बंद होतें. ज्यांच्या घरीं यांतलें कांहींच नाहीं अशा मुलांचें नुकसान तेव्हां होतें. तेव्हां येत्या शनिवारीं आपल्या जवळच्या ग्रंथालयांत जाऊन मुलांचा विभाग उघडा असतो काय, याची चौकशी करावी. तेथें गोष्टी सांगावयास कोणी नसेल तर घरांतल्या आजीचें किंवा आजोबांचें नांव सुचवावें. त्यांच्यापाशीं गोष्टी असतात आणि बहुधा ऐकणारे नसतात.